कबाबाबरोबरची दाट हिरवी चटणी घरी: पाणी न सुटणारं दही-पुदिना डिप

पनीर टिक्का किंवा कबाबाबरोबर हॉटेलात येते ती दाट, थंड, हिरवीगार चटणी घरी करायची म्हटलं की बहुतेक जण कोथिंबीर, पुदिना, मिरच्या आणि दही एकदम मिक्सरच्या भांड्यात घालतात आणि बटण फिरवतात. त्यातून निघतं ते हिरवट ताक. चवीला वाईट नसतं, पण टिक्क्यावर थांबत नाही, ताटभर पसरतं आणि पाहुणे येईपर्यंत वर पाण्याचा थर येतो. मग काही जण त्यात ब्रेड घालतात, काही जण मेयोनीज घालतात. या दोन्हींची गरज नाही.

इथे सगळा खेळ पाण्याचा आहे. दह्यातलं पाणी आधी काढायचं, पानांवरचं पाणी पुसायचं, वाटताना पाणी घालायचं नाही, आणि दही मिक्सरमध्ये अजिबात टाकायचं नाही. दही विरजतं तेव्हा दुधातल्या प्रथिनांची एक नाजूक जाळी तयार होते आणि पाणी त्या जाळीत अडकून राहतं. मिक्सरचं पातं ती जाळी तोडतं, पाणी मोकळं होतं, आणि एकदा मोकळं झालेलं पाणी पुन्हा दह्यात बसत नाही. फ्रिजमध्ये ठेवूनही नाही.

लागणारा वेळ: हाताचं काम अर्ध्या तासाचं. दही निथळायला मात्र ३ ते ४ तास, म्हणून संध्याकाळी हवं असेल तर दुपारी जेवणं झाली की दही टांगून टाका.

सामान (४-५ जणांना पुरेल इतकं)

- दही: ५०० ग्रॅम, दाट आणि आंबट नसलेलं
- कोथिंबीर: निवडून ६० ग्रॅम, म्हणजे मध्यम जुडी
- पुदिना: नुसती पानं २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे दाबून भरलेली एक मूठ
- हिरव्या मिरच्या: पोपटी रंगाच्या, कमी तिखट असतील तर ३, लवंगी असेल तर १
- लसूण: १ लहान पाकळी
- डाळं (फुटाण्याची डाळ): १ मोठा चमचा
- भाजलेल्या जिऱ्याची पूड: अर्धा छोटा चमचा
- मीठ: अर्धा छोटा चमचा, नंतर चवीप्रमाणे
- पादेलोण: पाव छोटा चमचा
- साखर: अर्धा छोटा चमचा
- लिंबाचा रस: १ ते २ छोटे चमचे
- बर्फाचे २ खडे

इथे मोठा चमचा १५ मिलीचा आणि छोटा ५ मिलीचा धरला आहे.

भांडी

धुतलेला मऊ पंचा किंवा मलमलचं कापड, चाळणी, खोल पातेलं, मिक्सरचं सगळ्यात लहान म्हणजे चटणीचं भांडं, एक वाडगा आणि फेटायला काटा किंवा तारेचा हातफेटा. रवी नको, रवीने दह्याचं ताक होतं. पंचा साबणाच्या वासाचा नसावा. दही वास लगेच धरतं. वापरण्याआधी तो साध्या पाण्यात उकळून, पिळून घेतला की प्रश्न मिटतो.

१. दही निवडा

फुल क्रीम दुधाचं दही घ्या. पिशवीवर फुल क्रीम लिहिलेल्या दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात ३ टक्के. टोन्ड दुधाच्या दह्याचाही चक्का होतो, पण हातात कमी येतो आणि चव कोरडी, खडूसारखी लागते. म्हशीच्या दुधाचं दही मिळालं तर उत्तम.

घरी लावत असाल तर दूध उकळून, बोट बुडवल्यावर छान कोमट लागेल इतकं, म्हणजे ४० ते ४३ अंशांपर्यंत निवू द्या. १ लिटरला २ छोटे चमचे विरजण पुरतं. उन्हाळ्यात ५-६ तासांत लागतं, थंडीत रात्रभर लागतं. लागलं रे लागलं की फ्रिजमध्ये. बाहेर राहिलेला प्रत्येक तास दही आंबट करत जातो, आणि टांगल्यावर तो आंबटपणा आणखी एकवटतो. चमच्याला तार सुटणारं दही या कामाला घेऊ नका. ते निथळत नाही, कापडात बुळबुळीत होऊन बसतं. विरजण बदला.

परदेशात राहणाऱ्यांना ही पायरी सोपी आहे. साधं, बिनगोडाचं ग्रीक योगर्ट घ्या, ते आधीच निथळलेलं असतं; ३०० ग्रॅम पुरेल आणि टांगायचं काम वाचेल. फक्त डब्यावरची घटकांची यादी वाचा. ‘ग्रीक स्टाइल’ लिहिलेल्या काही डब्यांत स्टार्च किंवा जिलेटिन घालून दाटपणा आणलेला असतो, आणि पांढऱ्या डब्यांच्या रांगेत व्हॅनिलाचा डबा हमखास हाताला लागतो. यादीत दूध आणि विरजणाचे जिवाणू एवढंच असेल तो डबा आपला.

२. दही टांगा, पण फ्रिजमध्ये

चाळणी पातेल्यावर ठेवा, तीत पंचा दुहेरी पसरा, दही ओता, चारही टोकं एकत्र करून सैल गाठ मारा. चाळणीच्या तळाखाली किमान चार बोटं जागा हवी, नाहीतर सुटलेलं पाणी वर येऊन दही त्यातच बसतं. वर ताटली झाकून सगळंच्या सगळं फ्रिजमध्ये ठेवा. नळाला टांगायची पद्धत श्रीखंडासाठी वर्षानुवर्षं चालत आली आहे आणि थंडीत चालूनही जाते, पण एप्रिल-मेमध्ये बाहेर टांगलेलं दही तीन तासांत आंबट होतं. श्रीखंडात साखर ते झाकून टाकते; इथे झाकायला काही नाही.

पिळू नका. गडबडीत पुरचुंडी दाबली की पाण्याबरोबर दहीही कापडातून बाहेर येतं. वेळ कमी असेल तर तासाभराने पुरचुंडी उघडून, कडेचं घट्ट झालेलं दही चमच्याने मध्ये घ्या आणि मधलं पातळ कडेला येऊ द्या. काम लवकर होतं.

३ ते ४ तासांत २५० ते ३०० ग्रॅम राहतं. श्रीखंडाच्या चक्क्याइतकं घट्ट इथे नको. ओळखायची खूण अशी: वाडग्यात काढून चमच्याने मधोमध रेघ ओढा. रेघेच्या कडा उभ्या राहिल्या आणि तळाशी पाणी चमकलं नाही, की झालं. जास्त वेळ राहून फारच घट्ट झालं तर निथळलेलं पाणीच चमचाभर परत मिसळा. उरलेलं पाणी कढीत किंवा थालिपिठाची भाजणी भिजवायला वापरा, ओतून देऊ नका.

३. पानं निवडा, धुवा आणि कोरडी करा

कोथिंबिरीचे कोवळे देठ ठेवा. वास पानांपेक्षा त्यांनाच जास्त असतो. खालचे जाड, तंतुमय देठ मात्र तोडून टाका. पुदिन्याचं उलट आहे: फक्त पानं खुडायची. त्याचा देठ वाटणात गेला की चटणी कडवट होते आणि दाताखाली धागे येतात. कोवळा शेंडा घेतला तर हरकत नाही. काळे डाग पडलेली पानं निर्दयपणे काढा. चार डागाळलेली पानं सगळ्या वाटणाचा रंग मळकट करतात.

कोथिंबीर नळाखाली धरून माती जात नाही. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, पानं बुडवा, हलवा, दोन मिनिटं थांबा आणि पानं वरून हाताने उचला. पातेलं चाळणीत ओतलं तर तळाची माती पुन्हा पानांवर बसते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत असं करा. पावसाळ्यातल्या जुडीला तीन-चार पाणी सहज लागतात.

आता ज्या गोष्टीला सगळे कंटाळतात ती: पानं कोरडी करणं. धुतलेल्या जुडीला चार-पाच चमचे पाणी सहज चिकटून राहतं, आणि तेवढं पाणी तीन तास निथळवलेल्या दह्याची मेहनत वाया घालवतं. कोरड्या पंचात पानं सैल गुंडाळा, दोन्ही टोकं धरून जोरात झटका, मग पंख्याखाली अर्धा तास पसरून ठेवा.

परदेशातल्यांसाठी आणखी एक सूचना. पार्सलीची जुडी लांबून कोथिंबिरीसारखीच दिसते. अमेरिकेत पाटीवर सिलँट्रो लिहिलेलं शोधा, ब्रिटनमध्ये कोरिअँडर. पाटीवर भरवसा न ठेवता पान चुरडून वास घ्या.

४. वाटण करा

मिक्सरचं भांडं अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेलं असेल तर चांगलं. कापलेलं, चेचलेलं पान हवेला लागलं की सफरचंदाच्या फोडीसारखं काळवंडू लागतं, आणि उष्णतेने ते आणखी वेगाने होतं. मिक्सर सलग दोन मिनिटं चालला की भांड्याचा तळ कोमट लागतो. तो कोमटपणाच रंग खातो.

क्रम असा ठेवा:

१) भांडं पूर्ण कोरडं असताना फक्त डाळं घालून बारीक पूड करा आणि बाजूला काढा. ओल्या भांड्यात डाळ्याची पूड होत नाही, कण राहतात आणि ते शेवटपर्यंत दाताखाली येतात.

२) मिरच्या, लसूण, मीठ, पादेलोण, साखर आणि जिरेपूड एकदा फिरवून घ्या.

३) त्यावर पुदिना, मग कोथिंबीर दाबून भरा, बर्फाचे खडे फोडून घाला. ५-६ सेकंद फिरवा, थांबा, कडेचं खाली ओढा, पुन्हा फिरवा. असं सात-आठ वेळा. पानं पात्याखाली येत नसतील तर एक मोठा चमचा निथळवलेलं दही घाला. तेवढ्याने वाटण ओलं होतं आणि बिघडत काही नाही. बर्फाशिवाय वेगळं पाणी घालू नका. मोठ्या भांड्यात इतकी कमी पानं वाटायला गेलात तर ती भिंतींना चिकटतील आणि पातं रिकामं फिरेल, म्हणून चटणीचंच भांडं हवं.

वाटण गुळगुळीत, चमच्यावरून घसरून हळू पडणारं हवं. पाटा-वरवंटा घरात असेल तर जरूर वापरा. त्यावर वाटण तापत नाही आणि पाणीही कमी लागतं.

लिंबू आत्ता घालू नका. हिरव्या रंगावर आंबटाचा परिणाम होतो, तो हळूहळू शेवाळी, खाकी होत जातो. दह्यातही आंबटपणा असतोच, त्यामुळे हा बदल पूर्ण थांबत नाही, पण लिंबू शेवटी घातलं की वाढेपर्यंत रंग चांगला राहतो.

पुदिना आणि कोथिंबिरीचं प्रमाण एकास दोनपेक्षा वर नेऊ नका. पुदिना जास्त झाला की थंडाव्याऐवजी कडवटपणा आणि औषधी वास पुढे येतो. पुदिना फार उग्र असेल, पावसाळ्यात मोठ्या पानांचा येतो तसा, तर एकास तीन करा.

आल्याबद्दल विचारलं जातं. कबाबाच्या मसाल्यात आलं असतं, तर चटणीत का नको? ताज्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं. दह्यात कच्चं आलं घालून ठेवलं की काही तासांनी चटणी कडू लागते आणि पातळही होते. लगेच खाऊन संपणार असेल तर अर्धा इंच चालेल, ठेवायची असेल तर आलं नकोच. कच्च्या कांद्याचंही तसंच: मिक्सरमध्ये वाटला की कडू होतो. हवाच असेल तर अगदी बारीक चिरून, वाढताना वरून घाला.

५. दही आणि वाटण एकत्र करा

निथळवलेलं दही वाडग्यात घेऊन आधी ते एकटंच फेटा. अर्धा मिनिट, हाताने, गुठळ्या जाईपर्यंतच. मग डाळ्याची पूड भुरभुरवून मिसळा. पूड एका जागी ओतली तर गोळे होतात. डाळं सुटणारं थोडंफार पाणी शोषून घेतं, पण एका मोठ्या चमच्याच्या पुढे गेलात तर पिठूळ लागतं, आणि फ्रिजमध्ये आणखी घट्ट होतं. ग्रीक योगर्ट वापरत असाल तर डाळं अर्धंच घ्या.

आता हिरवं वाटण तीन भागांत घाला. प्रत्येक वेळी चमच्याने खालून वर उचलत मिसळा, घोटू नका. तिसरा भाग घालण्याआधी थांबून चव बघा. दोन भागांतच हवा तो रंग आणि स्वाद आला असेल तर उरलेलं वाटण ठेवून द्या. काही जुड्या इतक्या स्वादाच्या असतात की तिसरा भाग दही झाकून टाकतो.

शेवटी लिंबाचा रस. दही थोडंसं आंबट असेल तर लिंबू न घातलेलंच बरं.

६. मुरू द्या, मग चव बघा

झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मिसळल्या मिसळल्या चव बघून मीठ-मिरची वाढवणं हा सर्वांत सामान्य घोटाळा. मिरचीचा तिखटपणा आणि लसणाचा उग्रपणा दह्यात उतरायला वेळ लागतो. अर्ध्या तासापूर्वी सपक वाटलेली चटणी नंतर झणझणीत निघते. मीठ मात्र उलटं वागतं. थंड पदार्थात ते कमी जाणवतं, म्हणून वाढण्याच्या आधी थंड चटणीची चव घेऊन चिमूटभर वाढवावं लागलं तर वाढवा. चाट मसाला भुरभुरवायचा असेल तर हीच वेळ, पण त्यातही मीठ असतं हे लक्षात ठेवा.

बिघडलं तर

पातळ झाली: चटणी पुन्हा पंचात घालून टांगू नका, हिरवा रस गळून जातो. आणखी थोडं दही निथळवून मिसळणं हा खरा उपाय. वेळ नसेल तर अर्धा चमचा डाळ्याची पूड मिसळून दहा मिनिटं थांबा. तेही जमलं नाही तर सँडविचला लावून संपवा, तिथे पातळ चटणी चालते.

कडू लागली: कारण बहुधा पुदिन्याचे देठ, जास्त वाटलेला लसूण किंवा आलं. साखर आणखी पाव चमचा आणि निथळवलेलं दही दोन-तीन चमचे घालून पाहा. कडवटपणा पूर्ण जाणार नाही, पण बसेल.

फार तिखट झाली: पाणी किंवा दूध नको, दहीच वाढवा. चमचाभर ताजी साय फेटून घातली तरी तिखटपणा मवाळ होतो.

खूप आंबट झाली: साखरेने एका मर्यादेपर्यंतच सावरते. फेटलेली साय जास्त उपयोगी पडते.

रंग गेला: परत आणता येत नाही. चव ठीक असेल तर निवांत खा. मोठं जेवण आहे आणि आदल्या दिवशीच तयारी करायची आहे, अशा वेळी कोथिंबीर-पुदिना उकळत्या पाण्यात १० ते १५ सेकंदच बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, घट्ट पिळा आणि मग वाटा. पान काळवंडवणारी एन्झाइम्स उष्णतेने निकामी होतात आणि रंग दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो. कच्च्या पानाचा ताजेपणा मात्र थोडा कमी होतो, त्यामुळे रोजच्यासाठी हा उपाय करण्यात अर्थ नाही.

थोडे बदल

काकडी घालायची असेल तर किसून, पाव चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि मुठीत घेऊन खरोखर घट्ट पिळा. किसण्याआधी देठाकडचा तुकडा चाखा. काकडी कडू असेल तर तिथेच कळतं. पिळून निघालेलं पाणी पाव वाटी असलं तरी दचकू नका, तेच पाणी नंतर चटणीत सुटलं असतं.

शेपू आवडणाऱ्यांनी तो वाटू नये, सुरीने बारीक चिरून मिसळावा. निथळवलेलं दही, पिळलेली काकडी, लसूण, शेपू आणि वरून ऑलिव्ह तेल हा ग्रीसमधल्या त्झात्झिकीचा मार्ग. त्यात मिरची आणि जिरं नसतं. सुरीला धार हवी. बोथट सुरीने शेपू चिरला जात नाही, चेचला जातो.

उपवासाला करायची असेल तर डाळ्याऐवजी दाण्याचं बारीक कूट आणि साध्या मिठाऐवजी सैंधव. लसूण आणि पादेलोण वगळा. कोथिंबीर-पुदिना उपवासाला चालतो की नाही हे घराघरावर आहे. साबुदाणा वड्याबरोबर ही चटणी फार छान लागते.

कोथिंबीर वडी, तळलेली सुरमई, पनीर टिक्का, कबाब यांच्याबरोबर वर दिलेला दाटपणा बरोबर आहे. गाजर-काकडीचे लांब तुकडे बुडवून खायचे असतील तर दही तासभर जास्त निथळवा. रोलमध्ये किंवा सॅलडवर घालायची असेल तर दोन-तीन चमचे थंड दूध घालून सैल करा.

ठेवायची कशी

काचेच्या बरणीत, वर रिकामी जागा न सोडता, फ्रिजमध्ये. दोन दिवस चांगली राहते, दुसऱ्या दिवशी रंग थोडा उतरतो. वर पाणी आलं तर हळूच तिरपं करून ओता, ढवळून आत घेऊ नका. दरवेळी कोरडा, स्वच्छ चमचा. जेवणाच्या टेबलावर दोन तासांहून जास्त राहिली असेल तर पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका. मे महिन्यातल्या उकाड्यात तासभरच धरा. मोठ्या पंगतीत अर्धी चटणी फ्रिजमध्ये ठेवून लागेल तशी काढणं सोयीचं.

तयार चटणी फ्रीझरमध्ये टाकू नका, दही फुटून रवाळ होतं. हिरवं वाटण मात्र गोठवता येतं. जुड्या स्वस्त असतात तेव्हा दही न घालता वाटण करा, बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा आणि खडे पिशवीत काढून ठेवा. महिनाभर चालतात. हवे तेवढे खडे चाळणीत ठेवून पूर्ण वितळू द्या, सुटलेलं पाणी गळून जाऊ द्या आणि मगच निथळवलेल्या दह्यात मिसळा.